सोने आटवले म्हणजे शुद्ध झाले का?

झारखंडात सुवर्णरेखा नदीच्या वाळूतून सोन्याचे कण वेचणारी कुटुंबे आहेत. पण त्या कणांचा दागिना लगेच घडत नाही. निसर्गातले सोने बहुधा चांदी पोटात घेऊनच येते. थोडे तांबेही असते. शिशाचा अंश असला, तर हातोडीखाली पत्रा तडकतो.

आधी मुशीत टाकणखार घालून सोने आटवतात. माती, कीट वर तरंगते, ते काढून टाकतात. चांदी मात्र आत तशीच राहते! ती काढायची युक्ती गमतीची आहे. सोन्यात आणखी चांदी घालायची. १ भाग सोन्याला सुमारे ३ भाग चांदी. मग पातळ पत्रा करून नायट्रिक आम्लात उकळतात. आम्ल चांदी खाते, सोन्याला शिवत नाही. तळाशी तपकिरी भुकटी उरते. तिला पाहून कोणी सोने म्हणणार नाही; धुऊन पुन्हा आटवली की पिवळी झळाळी येते. आम्लाचा तांबूस धूर फुप्फुसांना घातक असतो, तेव्हा हा उद्योग घरी नको.

इतके शुद्ध सोने मऊ, बांगडी सहज वाकते. म्हणून पुन्हा तांबे-चांदी मोजून मिसळतात. २२ कॅरेटमध्ये हजार भागांत सुमारे ९१६ भाग सोने असते. तेव्हा ताई, जुना दागिना मोडायला गेलात आणि "आटवले, शुद्ध झाले" असे कोणी म्हणाले, तर वजनाबरोबर कसही लिहून मागा.