वीज, अतिदाब आणि संगणकीय संचिताचे रक्षण

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते व मोडी कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे. दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी ग्रंथालय समृद्ध केले. १९१८ मध्ये ते जनतेसाठी खुले झाले. अशा दुर्मीळ संग्रहांच्या संगणकीय प्रती काढल्याने मूळ पानांची हाताळणी कमी होते. मात्र या प्रतींना वेगळाच धोका संभवतो.

ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात तामिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस पडतो. पावसाबरोबर येणारी वीज कोसळताना साधारणतः ३०,००० अँपिअरपर्यंत प्रवाह वाहतो. संगणकाची हार्ड डिस्क मात्र ५ व १२ व्होल्टवर चालते. वीज इमारतीवर न पडता जवळपास पडली, तरी वीजपुरवठा, दूरध्वनी व नेटवर्कच्या तारांतून क्षणिक अतिदाब आत शिरतो.

छतावरील तडितरक्षक इमारतीचे रक्षण करतो, उपकरणांचे नव्हे. त्यांच्यासाठी वीज वितरण फलकावर अतिदाबरोधक (सर्ज प्रोटेक्टर) आणि निर्दोष अर्थिंग आवश्यक ठरते. यूपीएसमुळे पुरवठा खंडित झाला तरी काम सुरक्षितपणे थांबवता येते. तीव्र अतिदाब रोखण्यास तो एकटा पुरेसा नाही. एकाच संगणकातील दोन डिस्क एकाच आघातात निकामी होऊ शकतात. म्हणून एक प्रत तारांपासून विलग आणि दुसरी अन्य गावी ठेवणे हाच खात्रीचा उपाय होय.

डिस्क बाजारात पुन्हा मिळते. मोडी वाचून सूची करणाऱ्या जाणकारांचे श्रम सहज मिळत नाहीत. त्यामुळे संरक्षणावरील खर्च हा संगणकीकरणाच्या मूळ अंदाजपत्रकाचाच भाग मानला पाहिजे.