शहाबादी फरशीच्या दरजा

शहाबादी, कोटा आणि कडप्पा या तिन्ही फरश्या चुनखडीच्या दगडाच्या. पहिली कर्नाटकातली, दुसरी राजस्थानातली, तिसरी आंध्रातली. हा दगड दोन पिढ्यांची पावले सोसतो. आधी जातात त्या दोन फरश्यांमधल्या दरजा. केसासारखी भेग पडते, मग भुकटी सुटते आणि शेवटी झाडूबरोबर तुकडे निघू लागतात. पाणी खाली मुरते, मुंग्या माती वर काढतात, वरच्या मजल्यावरची मोरी असेल तर खालच्या छताला ओल येते.

दरज भरण्याआधी ती का निघाली हे पाहावे. फरशी लाकडी दांड्याने ठोकावी. आवाज पोकळ आला, किंवा पाऊल पडताच फरशी डुगडुगली, तर दोष खालच्या थरात आहे. ती फरशी काढून पुन्हा बसवल्याखेरीज नवा भराव टिकत नाही. दुसरे कारण नुसत्या व्हाइट सिमेंटचे. ते वाळताना आकसते आणि कडांपासून सुटते.

तिसरे कारण सर्वांत घातक, आणि ते आपल्याच हाताने घडते. मोरी घासायचे ॲसिड सिमेंट खाते, तसेच चुनखडीही खाते. फरशीवर उठणारा फेस म्हणजे मळ निघणे नव्हे, दगड विरघळणे. लिंबू आणि व्हिनेगरही तेच करतात, फक्त सावकाश. अशा फरशीला सौम्य साबणाचे पाणी पुरते.

जुन्या भरावावर नवा लेप देण्याचा मोह टाळावा. पातळ पापुद्रा महिन्या-दोन महिन्यांत सुटतो. दरजेची दोन तृतीयांश खोली, निदान 3 मिमी तरी, मोकळी करावी. ग्राउट खरवडायची पाती किंवा हॅकसॉ ब्लेडचा तुकडा पुरतो. ग्राइंडर सराव नसलेल्या हातात देऊ नये, कारण एकदा उडालेला दगडाचा काठ परत येत नाही. तोंडाला मास्क हवाच. धूळ ब्रशने झाडून दरज ओली करावी, पण तिच्यात पाणी साचू देऊ नये.

3 मिमीपर्यंतच्या दरजेला बिनवाळूचे तयार ग्राउट, त्याहून रुंद दरजेला बारीक वाळूचे. हाताने घडलेल्या शहाबादीच्या दरजा बहुधा रुंदच असतात. गुळगुळीत पॉलिशवर मात्र वाळूचे ओरखडे उठतात, आणि काळ्या कडप्प्यावर पांढुरकी झाक राहते. म्हणून आधी कोपऱ्यात करून पाहावे. ग्राउट श्रीखंडाइतके घट्ट कालवावे, 5 ते 10 मिनिटे ठेवून पुन्हा ढवळावे. नंतर वरून पाणी घालू नये, भराव कमजोर होतो. रबरी थापीने ते तिरके दाबत भरावे. 15-20 मिनिटांनी घट्ट पिळलेल्या स्पंजने, तिरकाच हात फिरवून, फरशी पुसावी. पुढे 2-3 दिवस हलके पाणी मारावे. मोरी असेल तर तेवढे दिवस आंघोळ दुसरीकडे.

भिंत आणि फरशी मिळतात त्या कोपऱ्यात सिमेंटचा भराव घालू नये. दोन्ही बाजू वेगवेगळ्या हलतात, तो तडकतोच. तिथे सिलिकॉन भरावे, तेही ‘न्यूट्रल’ लिहिलेले. वाळताना व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनमधून ॲसिड सुटते आणि त्याने चुनखडीचा काठ निस्तेज होतो.