आर्द्रीकारक, वाफेचा
आर्द्रीकारक, वाफेचा : पाणी उकळून तयार होणारी वाफ बंदिस्त जागेतील हवेत मिसळून तिची आर्द्रता वाढविणारे साधन. प्रस्तुत नोंदीत संपूर्ण घराच्या हवावाहिनीला जोडावयाच्या विद्युत् आर्द्रीकारकाची माहिती दिली असून त्याच्या वीजजोडणीतील व नळजोडणीतील सुरक्षिततेचा विशेष विचार केला आहे.

आवश्यकता : कॅनडा व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा उत्तर भाग यांसारख्या प्रदेशांत हिवाळ्यात घरे भट्टीने तापवावी लागतात. −२०° से. तापमानाच्या १ घ. मी. संपृक्त हवेत सु. १ ग्रॅ. बाष्प असते, तर २०° से. तापमानाला तेवढ्याच हवेत सु. १७ ग्रॅ. बाष्प मावते. म्हणून बाहेरील हवा घरात येऊन तापली की, तिची सापेक्ष आर्द्रता ६ टक्क्यांच्या आसपास उतरते. अशा हवेत नाकाघशाला कोरड पडते, लाकडी सामान आकसून त्याला भेगा जातात आणि स्थिर विद्युत् साचते. महाराष्ट्रातील घरांना सामान्यतः अशा साधनाची गरज भासत नाही. मात्र सूत तुटू नये म्हणून मुंबईच्या कापडगिरण्यांत हवा मुद्दाम दमट ठेवीत. १९०६ मध्ये स्ट्यूअर्ट क्रेमर यांनी योजलेली ‘वातानुकूलन’ ही संज्ञाही मुळात कापडगिरण्यांतील आर्द्रतेच्या नियंत्रणासंबंधीच होती [→ वातानुकूलन].

रचना व कार्य : घरगुती आर्द्रीकारकाचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात पाण्यात बुडविलेल्या रोधक तारेच्या घटकाने पाणी उकळते. यात पाणी संपल्यास घटक कोरडाच तापून जळण्याचा धोका असल्याने पाण्याची पातळी घटताच वीज तोडणारी योजना अनिवार्य असते. दुसऱ्या प्रकारात बंद प्लॅस्टिक पात्रात धातूची विद्युत् अग्रे असतात आणि त्यांमधील पाण्यातूनच प्रवाह जाऊन ते तापते. पाणी संपले की प्रवाह आपोआप थांबतो. पातळी वाढली की प्रवाह व वाफ दोन्ही वाढतात. विरघळलेल्या क्षारांमुळेच पाणी विद्युत् संवाहक होत असल्याने ऊर्ध्वपातित पाण्यावर हे यंत्र चालत नाही. उलट, क्षारांच्या अदलाबदलीने सुफेन केलेल्या पाण्याची संवाहकता अधिक असून ते फेसाळते; त्यामुळे प्रवाह अनियमित होतो.

या दुसऱ्या प्रकारात पात्रातील पाणी हे विजेच्या मंडलाचाच एक भाग असते. म्हणून वीजजोडणी व नळजोडणी ही दोन स्वतंत्र कामे मानता येत नाहीत. पुढील वर्णन मुख्यतः या प्रकाराचे आहे.

वीजजोडणी : १०° से. तापमानाच्या १ किग्रॅ. पाण्याची वाफ करण्यास सु. ०.७३ किलोवॉट-तास ऊर्जा लागते. त्यामुळे २४० व्होल्ट दाबाला १६ अँपिअर प्रवाह घेणारे यंत्र ताशी सु. ५ किग्रॅ. वाफ देऊ शकते. हा भार तासन्‌तास चालू राहतो. अमेरिकेत १८९७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय विद्युत् संहितेच्या आजच्या नियमांनुसार अशा अखंड भारासाठी मंडल खंडकाची क्षमता साधारणतः १२५ टक्के धरतात. म्हणजे १६ अँपिअर भाराला २० अँपिअरचा खंडक आणि त्याला साजेशी, किमान १२ क्रमांकाची तांब्याची तार लागते. यंत्राला स्वतंत्र मंडल द्यावे. भट्टीच्या मंडलातून जोड काढू नये.

उत्तर अमेरिकेतील २४० व्होल्ट पुरवठ्यात दोन्ही तारा जिवंत असून प्रत्येकीचा जमिनीशी दाब १२० व्होल्ट असतो. एकच तार तोडल्यास पात्रातील पाणी जिवंतच राहते. म्हणून दोन्ही तारा एकाच वेळी तोडणारा दुहेरी खंडक व यंत्राजवळ दिसेल असा स्विच बसवितात. यंत्राच्या पेटीचे भूयोजन न चुकता करावे. कारण पाण्यावाटे झिरपणाऱ्या प्रवाहाला जमिनीकडे जाण्याचा खात्रीचा मार्ग हवा.

नळजोडणी : पुरवठ्याच्या नळावर बंद करण्याची झडप व गाळणी बसवितात. बहुतेक यंत्रांत येणारे पाणी प्रथम वरच्या लहान पेल्यात मोकळे पडते व तेथून पात्रात उतरते. या हवेच्या खंडामुळे पात्रातील पाणी पिण्याच्या पाण्याच्या नळात उलट शिरू शकत नाही.

क्षार दाटले की यंत्र थोडे उकळते पाणी आपोआप सोडून देते. त्यात थंड पाणी मिसळून त्याचे तापमान सु. ६०° से. पर्यंत उतरविण्याची सोय असते. तथापि ती बिघडण्याची शक्यता गृहीत धरावी. साधा पीव्हीसी नळ या तापमानाला मऊ पडत असल्याने निचऱ्यासाठी तांब्याचा किंवा सीपीव्हीसीचा नळ वापरतात. नळाला मीटरला सु. २ सेंमी. उतार असावा, त्यावर झडप नसावी आणि त्याचे टोक सांडपाण्याच्या तोंडापासून वर, मोकळ्या हवेत असावे. पंपाने उपसा करावयाचा असल्यास तो गरम पाण्यासाठीच बनविलेला असावा. वातानुकूलकाचा साधा पंप चालत नाही.

वाफेची नळी व नियंत्रण : वाफेची नळी शक्य तितकी आखूड ठेवून तिला पात्राकडे सलग उतार देतात, म्हणजे तीत थिजलेले पाणी परत पात्रात येते. नळीला झोल पडल्यास तेथे पाणी साचून वाफेची वाट अडते.

पंखा बंद असताना वाफ सुटल्यास हवावाहिनीत पाणी साचते. हे टाळण्यासाठी घरातील आर्द्रतानियंत्रक, वाहिनीतील कमाल मर्यादेचा नियंत्रक व हवेचा प्रवाह ओळखणारा स्विच ही तिन्ही साधने एकसरीत जोडतात. त्यांपैकी एकानेही मंडल तोडले तरी वाफ थांबते. हिवाळ्यात आर्द्रता साधारणतः ३० ते ४० टक्के ठेवतात. बाहेर कडाक्याची थंडी पडल्यास ती आणखी कमी करावी लागते. अन्यथा बाष्प खिडक्यांवर व भिंतींच्या पोकळीत थिजून बुरशी वाढते आणि लाकूड कुजते. काचेवर सतत पाणी दिसणे ही मर्यादा ओलांडल्याची साधी खूण होय.

देखभाल : अग्रांवर क्षारांची पुटे चढत गेली की तेवढ्याच प्रवाहासाठी पातळी अधिकाधिक वाढवावी लागते, पात्र काठोकाठ भरूनही वाफ पुरेशी निघेना झाली की ते बदलतात. पात्र काढण्यापूर्वी त्यातील पाणी सोडून द्यावे, मग दुहेरी खंडक बंद करून दोन्ही तारांवर दाब नसल्याची मापकाने खात्री करावी आणि पात्र निवू द्यावे. हा क्रम चुकल्यास विजेचा धक्का व भाजणे असे दोन्ही अपघात संभवतात. मूळ जोडणी परवानाधारक तंत्रज्ञांकडून व स्थानिक संहितेनुसारच करून घेणे आवश्यक असते.