खनिजगाड्यांचे छायाचित्रण, किरूना–नार्व्हिक मार्गावरील

स्वीडनमधील किरूना येथील खाणी व नॉर्वेच्या किनाऱ्यावरील नार्व्हिक बंदर यांना जोडणाऱ्या लोहमार्गावरून धावणाऱ्या लोहखनिजाच्या मालगाड्यांचे, भोवतालच्या डोंगराळ प्रदेशासह केलेले छायाचित्रण. हा सर्व प्रदेश आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेस आहे. येथील निसर्गाची भव्यता कोणत्याही कॅमेऱ्यात सहज येते. गाडीचे वजन चित्रात उतरविणे मात्र अतिशय अवघड असते.

सु. १७० किमी. लांबीचा हा मार्ग १९०२ मध्ये पुरा झाला व १४ जुलै १९०३ रोजी राजा दुसरा ऑस्कर याने त्याचे उद्‌घाटन केले. अटलांटिकमधील उबदार प्रवाहामुळे नार्व्हिक बंदर हिवाळ्यातही गोठत नाही, हे मार्ग बांधण्यामागील मुख्य कारण. अलीकडील खनिजगाडीस ६८ वाघिणी असतात, ती सु. ७५० मी. लांब असून तिचे वजन ८,००० टनांहून अधिक भरते. जोड विद्युत् एंजिनांची एकत्रित शक्ती १०,८०० किवॉ. असते. तथापि टॉर्नेट्रेस्क सरोवराच्या विस्तीर्ण काठावर हीच गाडी एखाद्या बारीक रेघेसारखी दिसते. शिवाय सरहद्दीपासून समुद्राकडे मार्ग सु. ५०० मी. खाली उतरतो. भरलेली गाडी तेथे उतारावरून जाते व तिच्या रोधनातून निर्माण झालेली वीज तारांत परत जाते. चढावर धूर ओकणाऱ्या एंजिनामुळे वजनाची जी कल्पना येते, तिचा येथे अभाव असतो. रुळांच्या पातळीवरून घेतलेल्या चित्रात तर भरलेली गाडी कोणती व रिकामी कोणती, हेही कळत नाही. म्हणून अनुभवी छायाचित्रकार डोंगरउतारावर चढून वाघिणींतील खनिजाचे ढीग दिसतील अशी जागा निवडतात. लांब नाभ्यंतराच्या भिंगाने वळणावरील वाघिणी एकमेकींजवळ आल्यासारख्या भासतात व गाडीचा भरीवपणा वाढतो.

आबिस्को परिसर पर्जन्यछायेत असल्याने तेथील आकाश बऱ्याचदा निरभ्र असते. थोड्याच अंतरावरील रिक्सग्रेन्सन येथे मात्र विपुल हिमवर्षाव होतो. आबिस्कोजवळील लापपोर्टेन ही हिमनदीने कोरलेली यू-आकाराची दरी (सामी भाषेत चुओन्यावाग्गी) मार्गाच्या दक्षिणेस आहे. त्यामुळे दुपारी सूर्य दरीच्या बाजूस असतो आणि गाडीची सरोवराकडील बाजू काळवंडते. मे अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत मध्यरात्रीही सूर्य मावळत नाही. त्यावेळी तो उत्तरेस, सरोवराच्या दिशेस असल्याने गाडी व दरी दोन्ही समोरून उजळतात. चांगली चित्रे घेण्यासाठी झोप सोडावी लागते, ती यामुळेच. डिसेंबरमध्ये काही आठवडे सूर्य उगवतच नाही व दुपारच्या निळसर संधिप्रकाशावर भागवावे लागते. बर्फाच्या पांढरेपणाने प्रकाशमापक फसतो. त्याच्या निर्देशाप्रमाणे चित्र घेतल्यास बर्फ करडा उमटतो, म्हणून उद्‌भासन थोडे वाढवितात. थंडीत विद्युत् घटांची क्षमता घटते. उबदार खोलीत आणताना कॅमेरा हवाबंद पिशवीत ठेवला नाही, तर त्यावर दव साचते.

या प्रदेशाचे आद्य छायाचित्रकार बोर्ग मेश (१८६९–१९५६) हे १८९९ मध्ये किरूना येथे आले. उभारणीच्या काळातील किरूना, लोहमार्ग, कामगार आणि सामी लोक यांची त्यांनी घेतलेली चित्रे महत्त्वाची ऐतिहासिक साधने ठरली आहेत. त्यांच्या चित्रांत माणसे आहेत. नंतरच्या छायाचित्रकारांनी गाडी आणि डोंगर यांवरच लक्ष केंद्रित केल्याने हा मुलूख निर्जन असल्याचा चुकीचा समज होतो. वस्तुतः सामी पशुपालकांचे रेनडियरचे कळप हा मार्ग ओलांडतात व गाड्यांखाली सापडून रेनडियर मरतात. चित्रांत ही बाजू क्वचितच आढळते.

१९८४ मध्ये किरूना–नार्व्हिक रस्ता खुला होईपर्यंत आबिस्कोच्या पुढे आगगाडीनेच जावे लागे आणि स्थानकापासून पायपीट करावी लागे. रस्त्यामुळे एकच गाडी अनेक ठिकाणी गाठणे शक्य झाले. नॉर्वेतील सु. १८० मी. लांब व ४० मी. उंच नॉर्डाल पूल हे पूर्वीचे आवडते स्थळ होते. १९८८ मध्ये मार्ग बदलल्यापासून त्यावरून गाड्या जात नाहीत. पूल मात्र जतन करण्यात आला आहे.