चिलखती क्रीडायुद्ध व त्याचा पोथीगत आधार

चिलखत घालून बोथट पोलादी शस्त्रांनीं लढण्याचा खेळ सांप्रत युरोपांत रूढ आहे. इ. स. २०१० मध्यें युक्रेनमधील खोतिनच्या किल्ल्यांत ‘राष्ट्रांची लढाई’ या नांवानें त्याचे सामने झाले. हा खेळ मध्ययुगीन रणविद्येचा पुरावा मानावा काय, याचा निर्णय पोथ्यांवरून करणें आम्हांस युक्त वाटतें.

इटलीचा शस्त्राचार्य फिओरे याच्या इ. स. १४१० च्या सुमाराच्या सचित्र ग्रंथांत शत्रूच्या शिरस्त्राणाची झडप उचलून तोंडांत टोंक खुपसण्याचा डाव आहे. आधुनिक खेळांत खुपसणें निषिद्ध असून जो भूमीवर पडला तो बाद होतो. उलट, आंजूच्या रने राजाच्या इ. स. १४६० च्या सुमाराच्या क्रीडायुद्धविषयक ग्रंथांत (पॅरिसचें राष्ट्रीय ग्रंथालय, फ्रेंच पोथी क्र. २६९५) भोंसकणें व कमरेखालीं वार करणें वर्ज्य आहे, शिवाय शिरस्त्राणाच्या फटींतून आंत शिरूं नये म्हणून तरवारीचें पातें चार बोटें रुंद असावें, असें विधान आहे.

तात्पर्य, या खेळाचें साम्य रणाशीं नसून जुन्या क्रीडायुद्धाशीं आहे. आपल्याकडील शस्त्रविद्येची पोथी हातीं आल्यास ती रणाची कीं आखाड्याची, हें संग्राहकांनीं प्रथम पाहावें, इतकीच आमची सूचना आहे.