काडतुसांचे पुनर्भरण, .३०३ रायफलीच्या
एकदा उडविलेल्या काडतुसाच्या पितळी पुंगळीत नवी टोपी, दारू व गोळी बसवून ते पुन्हा वापरण्यायोग्य करण्याच्या क्रियेस पुनर्भरण म्हणतात. लष्कराने मोडीत काढून विकलेल्या जुन्या रायफलींच्या बाबतीत या क्रियेला विशेष महत्त्व आहे. रायफल नीट राखली, तर शंभर वर्षेही टिकते. परंतु तिची काडतुसे लष्करी कारखान्यांनी बनविणे थांबविले की, उरलेला साठा हळूहळू संपतो. ब्रिटिश साम्राज्यातील .३०३ इंची (थ्री-नॉट-थ्री) ली-एनफील्ड रायफल हे याचे ठळक उदाहरण होय. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील नेमबाज आणि शिकारी तिचा अद्यापि वापर करतात.

हे काडतूस १८८८ मध्ये ली-मेटफर्ड रायफलीबरोबर ब्रिटिश सैन्यात आले. प्रथम त्यात दाबून घट्ट केलेली काळी दारू असे. काही वर्षांतच तिची जागा कॉर्डाइट या धूरहीन दारूने घेतली. १९१० मध्ये स्वीकारलेल्या ‘मार्क ७’ या प्रकारात ११.३ ग्रॅ. वजनाची टोकदार गोळी असून तिचा नळीच्या मुखाशी वेग सु. ७४४ मी./से. होता. पुंगळीची लांबी सु. ५६ मिमी. असून बुडाशी बाहेर आलेली कडा असते. .३०३ हा आकडा नळीतील खाचांमधील उंचवट्यांच्या अंतराचा आहे. गोळीचा व्यास प्रत्यक्षात .३११ ते .३१२ इंच (सु. ७.९ मिमी.) असतो. या नावामुळे अनेकांची फसगत होते व .३०८ इंची गोळ्या आणल्या जातात; त्या खाचांत नीट बसत नाहीत व नेम बिघडतो. युद्धकाळी घाईने बनविलेल्या नळ्यांचे अंतर्व्यास एकसारखे नसल्यामुळे मऊ शिशाचा गोळा नळीतून ठोकून बाहेर काढून त्याचे माप घेणे, हीच खात्रीची रीत होय.

जुन्या साठ्यातील काडतूस हाती आले, तर प्रथम त्याच्या बुडावरील ठसा वाचावा लागतो. त्यावर कारखान्याची अक्षरे, वर्ष व मार्क यांची नोंद असते. खडकी (पुणे) येथील कारखान्याच्या ठशात ‘के’ व ‘एफ’ ही अक्षरे आढळतात. मार्कच्या अंकापुढे ‘झेड’ हे अक्षर असल्यास आत कॉर्डाइट नसून नायट्रोसेल्युलोजची दारू आहे, असे समजावे. कॉर्डाइट शेवयांसारख्या लांब काड्यांच्या स्वरूपात असते. या काड्या पुंगळीची मान निमुळती करण्यापूर्वीच आत भरीत. त्यामुळे तयार पुंगळीत त्या पुन्हा भरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मूळच्या कॉर्डाइटमध्ये नायट्रोग्लिसरिनाचे प्रमाण ५८ टक्के होते व त्याच्या ज्वलनाच्या तीव्र उष्णतेने नळी लवकर झिजे. पुढे हे प्रमाण ३० टक्क्यांवर आणण्यात आले.

पुनर्भरणातील खरी अडचण टोपीची आहे. ब्रिटिश लष्करी पुंगळ्यांत बर्डन पद्धतीची टोपी असते. या पद्धतीत टोपीतील स्फोटक ज्या ऐरणीवर आपटते, ती पुंगळीच्याच बुडात घडविलेली असते व ज्वाला बाजूच्या दोन छिद्रांतून दारूपर्यंत जाते. बॉक्सर पद्धतीत ऐरण टोपीत असते व पुंगळीस मध्यभागी एकच छिद्र असते. त्यातून सळई घालून वापरलेली टोपी सहज ढकलून काढता येते. बर्डन हा अमेरिकन व बॉक्सर हा इंग्रज असूनही अमेरिकेने बॉक्सरची आणि ब्रिटनने बर्डनची टोपी पत्करली, ही एक गंमतच म्हणावी लागेल. ग्रीसमध्ये बनलेल्या ‘एचएक्सपी’ ठशाच्या काडतुसांच्या पुंगळ्या बॉक्सर पद्धतीच्या असल्यामुळे पुनर्भरण करणारे त्या जपून ठेवतात.

जुन्या टोपीतील पोटॅशियम क्लोरेटाच्या ज्वलनाने पोटॅशियम क्लोराइड हे लवण नळीत साचते. ते हवेतील ओलावा शोषून घेते व नळी थोड्याच काळात गंजते. तेलाने ते विरघळत नाही. म्हणून सैनिकांना नळीत उकळते पाणी ओतावे लागे. मर्क्युरी फल्मिनेट असलेल्या टोपीचा दोष याहून वाईट. उडविताना मोकळा झालेला पारा पितळात शिरून पुंगळी ठिसूळ करतो. अशी पुंगळी बाहेरून निर्दोष दिसली, तरी ती पुन्हा भरणे धोक्याचे असते.

पुंगळीचे आयुष्य : चिखल, धूळ किंवा ओबडधोबड काडतूस यांमुळे रायफल अडू नये, यासाठी लष्करी रायफलीत काडतूस बसण्याचा कक्ष मुद्दाम सैल ठेवीत. शिवाय ली-एनफील्डच्या बोल्टची पकड मागील बाजूस असल्यामुळे दाबाखाली तो किंचित मागे सरकतो. परिणामी पुंगळी बुडाच्या जरा वर ताणली जाऊन तेथील पितळ पातळ होते व पुढे कधीतरी बूड तुटून वेगळे होते. खंदकातील सैनिकाला उपयोगी पडलेला हा सैलपणा पुनर्भरण करणाऱ्याला मात्र महाग पडतो. क्र. ४ च्या रायफलीत बोल्टचे डोके बदलता येते. ते ० ते ३ अशा चढत्या लांबीचे असून त्यामुळे मागील फट कमी करता येते. क्र. १ मध्ये अशी क्रमवारी नाही. ज्या रायफलीत पुंगळी उडविली, तिच्यासाठीच ती राखून ठेवणे आणि साच्यात सबंध पुंगळी न दाबता केवळ मान आवळणे हा उत्तम उपाय होय. कारण त्यामुळे पुंगळी कक्षाच्या आकाराचीच राहते. टोक वाकविलेली तार आतून फिरविल्यास पातळ झालेल्या जागी खोलगट वळे जाणवते. ते लागले की पुंगळी टाकून द्यावी.

पुंगळी स्वच्छ करणे, टोपी काढणे, मान आवळणे, वाढलेली लांबी कापणे, नवी टोपी बसविणे, दारू मोजून घालणे व गोळी रोवणे असा पुढील क्रम असतो. दारूचे प्रमाण उत्पादकाच्या प्रसिद्ध कोष्टकावरूनच घेतात व कमी मापापासून सुरुवात करतात. जुन्या काडतुसातून काढलेली दारू दुसऱ्यात कधीही भरू नये. तिचा प्रकार व अवस्था यांची खात्री देता येत नाही. घोडा दाबूनही काडतूस न उडाल्यास नळी सुरक्षित दिशेला रोखून निदान अर्धा मिनिट थांबतात, कारण जुन्या टोपीचा स्फोट उशिराही होऊ शकतो. चेक प्रजासत्ताक व सर्बिया येथील कारखाने .३०३ ची नवी काडतुसे बनवितात. त्यांच्या पुंगळ्या पुनर्भरणास सोयीच्या असतात.

भारतात या रायफली ईशापूर (प. बंगाल) येथील कारखान्यात बनत. १९६२ च्या चीन युद्धानंतर तेथेच त्याच धाटणीच्या, पण ७.६२ मिमी. काडतुसाच्या रायफली बनविल्या गेल्या. बाह्यरूप सारखे असल्यामुळे काडतुसांची गल्लत होण्याचा धोका असतो. नागरिकांसाठी .३०३ हा व्यास निषिद्ध ठरविण्यात आल्यामुळे येथे .३१५ इंची रायफली प्रचारात आल्या. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार दारूगोळा बनविण्यास परवाना लागतो. पोलिसांकडे ही रायफल दीर्घकाळ होती. २००८ च्या मुंबईवरील हल्ल्याच्या वेळी छत्रपती शिवाजी टर्मिनस येथील काही पोलिसांच्या हाती तीच होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी जानेवारी २०२० मध्ये तिला निरोप दिला.