मरण आणि मतभेद – भाग ६ : बारा वाजता लागणारा आवाज

१७ फेब्रुवारी २०२१. न्यूयॉर्कच्या घड्याळात दुपारचे बारा वाजले आणि अमेरिकेत लाखो लोकांनी रोजच्यासारखा रेडिओ लावला. उजव्या विचाराचे निवेदक रश लिंबॉ यांच्याऐवजी त्यांच्या पत्नी कॅथरिन बोलू लागल्या. फुप्फुसाच्या कर्करोगाने लिंबॉ गेले होते. वय ७०. अनेक श्रोत्यांना घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं. त्याच दिवशी समाजमाध्यमांवर काहींनी उघड आनंदही व्यक्त केला.

दोन्हींचं मूळ एकच आहे. रोज तीन तास, बत्तीसहून अधिक वर्षं कानावर पडलेला आवाज परका राहत नाही. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्येच दाखवून दिलं होतं की प्रेक्षक-श्रोत्यांची अशा माणसाशी एकतर्फी जवळीक जुळते. पण जवळीक एकतर्फी असते तसा घावही एकतर्फी असतो. रेडिओवरून ज्यांना हिणवलं गेलं, त्यांनाही तो आवाज तितकाच पाठ होता.

१९८७ मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने वादाच्या विषयात दोन्ही बाजू ऐकवण्याचं रेडिओ केंद्रांवरचं बंधन काढलं. पुढच्याच वर्षी, १ ऑगस्टला, लिंबॉ देशभर ऐकू येऊ लागले. उजव्या विचाराच्या ज्या माणसांना वर्तमानपत्रांत आपलं म्हणणं कधी सापडत नव्हतं, त्यांना ते इथे सापडलं. ही त्यांची खरी गरज होती, हे मान्य करायलाच हवं. पण त्याच सुमारास लिंबॉ यांनी गाणी लावून एड्सने मरणाऱ्या समलिंगी पुरुषांची थट्टा केली. पुढे त्याबद्दल पश्चात्तापही बोलून दाखवला. तरी ज्यांनी त्या वर्षांत आपली माणसं पुरली, त्यांनी २०२१ मध्ये ते प्रकरण पुन्हा काढलं तर त्यात मला सूडबुद्धी दिसत नाही. कुणाच्या कर्करोगावर आनंद मानणं मला पटत नाही. पण त्या माणसाने काय केलं हे सांगणं ही निराळी गोष्ट आहे.

गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये, असं आपण म्हणतो ते दारात बसलेल्या घरच्यांकडे बघून. सरकार शोकात उतरलं की प्रश्न बदलतो. फ्लॉरिडाचे राज्यपाल रॉन डिसँटिस यांनी लिंबॉ यांच्यासाठी ध्वज अर्ध्यावर उतरवायचं ठरवलं. राज्याच्या कृषी आयुक्त निकी फ्रीड यांनी आपल्या खात्याच्या कार्यालयांवर ते होणार नाही असं जाहीर केलं. हा वाद अनेकांना असभ्य वाटला. मला तो आवश्यक वाटतो. घरातलं दुःख घरच्यांचं असतं, पण सरकारी इमारतीवरचा झेंडा लिंबॉ यांचा कार्यक्रम ऐकणाऱ्यांचा होता तितकाच, ज्यांची थट्टा झाली त्यांचाही होता.

तसंही हा दुभंग मृत्यूने घडवला नव्हता. वर्षभर आधी, ४ फेब्रुवारी २०२० रोजी, संसदेसमोरच्या भाषणातच तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी लिंबॉ यांना सर्वोच्च नागरी पदक दिलं. रिपब्लिकन सदस्य उभे राहून टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या बाजूचे बहुतेक डेमोक्रॅट बसून राहिले होते.

माणूस गेला, आता त्याला प्रत्युत्तर देता येत नाही, म्हणून गप्प बसावं, असाही एक युक्तिवाद होता. पण कार्यक्रम थांबलाच नव्हता. नवे निवेदक जून २०२१ मध्ये आले. तोवर बदली निवेदक जुन्या ध्वनिफिती लावत राहिले, आणि भर दुपारी बारा वाजता लिंबॉ आपल्या विरोधकांबद्दल बोलत राहिले.